न उडालेला फ्यूज

“काही फरक जाणवतोय?” मुकुंदनं विचारलं.

मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. रेकॉर्डवर मुलतानी राग लागला होता. गाणाऱ्या बाई नुकत्याच खालच्या सुरांतून वर यायला लागल्या होत्या आणि त्यांच्या मागे दोन तंबोरे एकमेकांत मिसळून झणझणत होते.

“कशात फरक?”

“आवाजात गं. फ्यूज बदललाय मी. घाईनं सांगू नकोस, नीट ऐक. तंबोरा मोकळा झाल्यासारखा वाटत नाही?”

मी नीट ऐकलं. ऐकणं हे तर माझं पोटापाण्याचं काम होतं. लहानपणी तापात माझे डोळे गेले आणि मोठी झाल्यावर मी इथल्याच, सांगलीतल्या एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. पलीकडच्या माणसानं ‘हॅलो’ म्हणायच्या आधी घेतलेल्या श्वासावरून तो कोण आहे ते मी ओळखत असे. मुकुंदची आणि माझी ओळखही फोनवरचीच. सूतगिरणीच्या कामासाठी तो आमच्या साहेबांना फोन करायचा आणि साहेब जागेवर नसले की त्याला आनंद व्हायचा. लग्नाआधी वर्षभर आम्ही नुसतं बोलत होतो. त्यामुळे आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याला ‘अहो’ म्हणत तसं मला कधी जमलं नाही. तो माझ्यासाठी कायम ‘अरे मुकुंद’च राहिला.

“नाही रे,” मी म्हटलं. “होता तसाच आहे. छान आहे.”

काही वेळानं त्यानं सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून लावली आणि आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. समोरच्या चौगुल्यांचं दार धाडकन आपटलं.

“मुकुंद, जरा कमी कर की.”

उत्तर आलं नाही. तंबोरे झणझणत राहिले.

हे असं गेली दोनेक वर्षं चाललं होतं.

मुकुंदला गाण्याचं वेड पहिल्यापासून होतं. त्यानं कोल्हापूरच्या एका कारागिराकडून जुन्या पद्धतीचा, काचेच्या नळ्यांचा अॅम्प्लिफायर बनवून घेतला होता. जड लोखंडी पेटी, वर उबदार नळ्या. तो चालू असला की खोलीत तापलेल्या धुळीचा वास यायचा आणि मला तो आवडायचा. संध्याकाळी मुकुंद गिरणीतून आला की आम्ही एक तरी रेकॉर्ड ऐकायचो. पण त्या दोन वर्षांत त्याला त्या पेटीत सतत काहीतरी खुपायला लागलं. आवाज बंद बंद वाटतो, झांज ऐकू येत नाही, तंबोऱ्याची जवारीच, ती झणझणच गेली, असं म्हणायचा. मला तर सगळं लख्ख ऐकू यायचं. मी तसं सांगितलं की त्याचा चेहरा कसा व्हायचा ते मला कळायचं नाही. त्याचा श्वास मात्र थांबायचा.

मग त्यानं वायरी बदलल्या. नळ्या बदलल्या. पेटीच्या खाली रबराचे पाय बसवले. मध्ये कधीतरी स्पीकरमधून हलकी घरघर यायला लागली, तर कुणीतरी सांगितलं म्हणून प्लगमधली अर्थिंगची तार कापून टाकली. घरघर थांबली खरी.

त्याचा मित्र अवधूत महिन्यातून एकदा कोल्हापूरहून यायचा. त्यालाही हेच वेड. तो आला की दोघं त्या पेटीपुढे मांडी घालून बसायचे. अॅम्प्लिफायरचा फ्यूज नुकताच थोड्या दिवसांच्या अंतरानं दोनदा उडाला होता. मुकुंदनं मला फरक विचारला त्याच रविवारी अवधूतनं येताना नवा आणला होता.

“वहिनी, हात पुढे करा,” तो म्हणाला आणि त्यानं माझ्या तळव्यावर काहीतरी ठेवलं. बोटाच्या पेराएवढं, थंडगार, गुळगुळीत. आधीचा फ्यूज मी हाताळला होता. काचेची हलकी नळी, आत केसासारखी तार. हा त्याच्या मानानं जड होता.

“परदेशी आहे. टोकांना सोन्याचा मुलामा. एकदा घाला आणि मग ऐका. पडदा बाजूला केल्यासारखा आवाज येतो.”

“एवढ्याशा फ्यूजनं?”

“सगळा करंट त्यातूनच तर जातो, वहिनी. आणि आधीच्यापेक्षा जरा मोठ्या आकड्याचा, जास्त करंट सोसणारा आणलाय मुद्दाम. वाट मोकळी झाली की आवाजही मोकळा. शिवाय सारखा उडणारही नाही.”

“पण आधीचा उडत का होता?”

अवधूत हसला. “लोकल माल, वहिनी.”

मुकुंद पेटीवर वाकून स्क्रू खोलत होता.

त्या फ्यूजबद्दल मला भीती वाटत नव्हती. मला भीती होती ती वेगळीच. मी बोलायची आणि मुकुंदकडून उत्तर यायचं नाही. सुरुवातीला वाटलं, दमला असेल. पण ते वाढत गेलं. मी ओट्यापाशी उभी राहून काही विचारायची, मागे खुर्ची करकरलेली असायची, म्हणजे तो तिथं बसलेला असायचा, आणि तरी शब्द नाही. डोळस बाईला निदान नवऱ्याचं तोंड तरी दिसतं, रागावलाय का हसतोय का. माझ्यापुढे नुसती पोकळी. कधीकधी मी बोलता बोलता हात पुढे करून चाचपायची, हा आहे की गेला उठून. हाताला त्याचा खांदा लागायचा. तो दचकायचा.

आणि मग मधूनच तो माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायचा आणि म्हणायचा, “इकडे बघून बोल ना.” मी काय बघणार? मला वाटायचं, हा माझ्या डोळ्यांना कंटाळला. इतक्या वर्षांनी का होईना, कंटाळला. हे मी कुणाजवळ बोलले नाही. कचेरीत दिवसभर लोकांचे आवाज जोडून द्यायचे आणि घरी येऊन त्या पोकळीत बोलायचं.

नवा फ्यूज बसवल्यानंतरच्या रविवारी, दुपारची गोष्ट. जेवणं झाली होती. मी स्वयंपाकघरात संध्याकाळसाठी दोडके सोलत होते. हॉलमध्ये तोच मुलतानी, त्याच मोठ्या आवाजात.

पहिल्यांदा मला घरघर ऐकू आली. अर्थिंग काढल्यावर गेलेली ती घरघर परत आली होती, पण आता तिला वजन होतं. गाण्याच्या खालून ती जमिनीतून आल्यासारखी माझ्या तळपायांना लागत होती. मग वास आला. धुळीचा ओळखीचा वास नव्हता तो. इस्त्री एका जागी विसरली की येतो तसा, आणि त्यात लाखेसारखं काहीतरी जळत होतं.

“मुकुंद!” मी ओट्यापासूनच ओरडले. “बंद कर ते! काहीतरी जळतंय!”

त्याच्या चपला फरशीवर वाजल्या. तो उठून पेटीकडे गेला, एवढं कळलं. बंद मात्र त्यानं केलं नाही. स्टूल सरकल्याचा आवाज झाला, म्हणजे तो पेटी ठेवलेल्या रॅकच्या मागे वाकत होता.

“अरे, आधी बटण बंद कर!”

तो थांबला नाही. आणि मग बाईंचा आवाज फाटला. चढलेला सूर ओल्या कापडासारखा खाली लोंबला. त्याच क्षणी मुकुंदच्या तोंडून “अ” एवढंच निघालं. ते ओरडणं नव्हतं. ओरडायला तोंड उघडतात, हा आवाज आवळलेल्या दातांमागून येत होता आणि थांबत नव्हता. अॅम्प्लिफायर रॅकवर थरथरत होता, काचेच्या नळ्या किणकिणत होत्या आणि त्या सगळ्यात ते फाटलेलं गाणं चालूच होतं.

मी सुरी टाकून धावले. आमच्या घरात मी काठी वापरत नसे, प्रत्येक वस्तूची जागा माझ्या अंगात होती. हॉलच्या दारातून चार पावलं टाकली आणि दोन्ही हात त्याच्याकडे पुढे केले. आणि तसेच थांबले.

मला कुणी थांबवलं, सांगता येत नाही. मुकुंदनंच एकदा सांगितलं होतं. गिरणीत एका फिटरला वाचवायला गेलेला दुसरा माणूस त्याच्याबरोबरच चिकटून गेला होता. त्या दिवशी जेवताना तो म्हणाला होता, “मी असा कधी चिकटलो तर मला हात लावायचा नाही. आधी वीज तोडायची.” मी तेव्हा त्याला असलं अभद्र बोलू नको म्हणून रागावले होते.

माझा हात त्याच्या पाठीपासून किती लांब होता, मला माहीत नाही. त्याच्या शर्टाची ऊब लागत होती असं आठवतं. मी हात मागे घेतला. आयुष्यात मला इतकं जड काही करावं लागलं नाही. ज्याला चाचपूनच मी ओळखते, त्याला हात लावायचा नाही.

भिंतीवरचं बटण रॅकच्या मागे होतं, त्याच्याही पलीकडे. राहिला मेन स्विच. आमची इमारत जुनी. मेन स्विच बाहेरच्या दाराच्या वर, लोखंडी डबा आणि त्याला बाजूनं दांडा. मी त्याला कधी हात लावला नव्हता. काही दुरुस्ती असली की मुकुंद स्टुलावर चढायचा आणि ‘खट’ असा आवाज यायचा, एवढीच माझी त्याची ओळख. पण तो आवाज कुठून येतो ते मला पक्कं ठाऊक होतं.

स्टूल दाराजवळच्या कोपऱ्यात असायचं. मी गेले तर कोपरा रिकामा. ते तर मुकुंदनं घेतलं होतं, ते त्याच्याजवळ, त्या पेटीपाशी होतं. मी टाचा उंचावून हात वर केला. भिंत. नुसती भिंत. उडी मारली. बोटांच्या टोकांना लोखंडाची कड लागली आणि सुटली. मागे मुकुंदचा आवाज बारीक व्हायला लागला होता. दातांमागचा तो आवाज थांबावा म्हणून मी देवाला विनवत होते आणि तो बारीक होत चालला तशी तो थांबू नये म्हणून विनवायला लागले.

गॅलरीत कपडे वाळत घालायची काठी होती. मी वळले. मधल्या टीपॉयवर नडगी आपटली, पडले, उठले. गॅलरीचं दार, डाव्या हाताला कोपरा, काठी. ती घेऊन परत येताना ती पडद्यात अडकली. मी पडदा ओढून फाडला. दाराशी येऊन वर काठी फिरवली. टण. डबा लागला. तिथून उजवीकडे सरकवली. दांडा. काठीचं टोक दांड्यावर ठेवून सगळा भार दिला तर टोक घसरलं. पुन्हा. पुन्हा घसरलं. तिसऱ्या वेळी मी काठीला लोंबकळलेच.

खट.

पंखा हळू झाला. फ्रीज उसासा टाकून थांबला. बाईंचं गाणं खाली खाली जात विझलं. आणि मग माणूस कोसळल्याचा आवाज आला.

त्यानंतर जी शांतता पसरली तशी मी त्याआधी किंवा नंतर कधी ऐकली नाही.

“मुकुंद?”

मी काठी पुढे धरून त्याच्याकडे गेले. तोच म्हणायचा की या पेटीत बंद केल्यावरही वीज साठून राहते, झटका देते. म्हणून आधी काठीनं त्याचं अंग शोधलं. काठी त्याच्या पायाला लागली. मग पोटाला. एक हात छातीवर होता. दुसरा अजून रॅकमागच्या खिडकीच्या गजाला अडकलेला होता, तो मी काठीनं ढकलला. तो खाली पडला, ओल्या फडक्यासारखा. आणखी कुठं काही चिकटलं नाही ना ते सगळीकडून पाहिलं आणि मग गुडघ्यावर बसून त्याला हात लावला.

तो गरम होता. मी कान त्याच्या छातीला लावला. माझंच काळीज इतकं धडधडत होतं की त्याचं कुठलं आणि माझं कुठलं हे समजेना. मग कळलं. त्याचं वेगळं होतं, अडखळत चाललं होतं, पण चाललं होतं.

“मुकुंद, ऐकू येतंय का? मी आहे. शरयू. काहीतरी बोल. नुसतं हूं म्हण.”

हूं आलं नाही.

“मुकुंद, अरे बोल ना रे!”

पेटीतून तडतड होत होती. धूर घशाला लागत होता. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. दार उघडून जिन्यात ओरडले. चौगुले वहिनी धावत आल्या.

“काय ओ झालं? अगं आई, केवढा धूर हा!” त्या आत आल्या आणि थबकल्या. “शरयूताई... अवो, डोळे उघडे हायत त्यांचे.”

डोळे उघडे. आमच्या घरी माझे वडील गेले तेव्हा आत्यानं हेच शब्द उच्चारले होते. मी तिथंच बसले.

“न्हाई न्हाई,” वहिनी खाली वाकून घाईघाईनं म्हणाल्या, “तसं न्हाई! पापणी लवतीया. बघतायत की ते. तुमच्याकडंच बघतायत!”

“मग बोलत का नाही?” मी किंचाळले. “बघतोय तर बोलत का नाही माझ्याशी?”

चौगुल्यांनी रिक्षा आणली. तिघाचौघांनी त्याला उचलून खाली नेलं. रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी सारखी बोलत होते, कानाशी वाकून, काय काय बोलले देव जाणे. त्याच्या हातानं माझा हात धरला होता, घट्ट. पण एक शब्द नाही. माझ्या मनात एकच. विजेनं त्याची वाचा नेली. आता हा मला दिसणारही नाही आणि ऐकूही येणार नाही.

दवाखान्यात त्याला आत घेतलं. मला पडद्याबाहेर बाकावर बसवलं. मशीनचा टिक टिक आवाज येत होता. डॉक्टर तरुण होते, तोंडाला मास्क असल्यामुळे त्यांचा आवाज पिशवीतून आल्यासारखा वाटत होता.

“नाव काय तुमचं? काका, नाव सांगा.”

काही नाही.

“छातीत दुखतंय का?”

आणि मग मुकुंदचा आवाज आला. खरखरीत, पण त्याचाच. “सूतगिरणीत आहे. सुपरवायझर.”

मी बाकावरून उठून पडदा धरला. तो बोलला! माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“काका, मी विचारलं, छातीत दुखतंय का?”

“सांगलीतच. जवळच राहतो.”

नर्स हळूच म्हणाली, “शॉकमुळं भ्रमल्यात वाटतं, सर.”

डॉक्टरांनी काही हालचाल केली. पुढचा त्यांचा आवाज स्वच्छ आला, मास्क काढल्यासारखा. “काका, माझ्याकडे बघा. छातीत दुखतंय?”

“नाही,” मुकुंद म्हणाला. “हातात आहे. डाव्या. छातीत नाही.”

“आता कळलं मी काय विचारलं ते?”

“हो.”

“किती दिवस झाले, ऐकू येत नाही तुम्हाला?”

पडद्याचं कापड माझ्या मुठीत चुरगळलं होतं. मुकुंदनं आवाज अगदी खाली आणला, त्याला वाटलं असेल की खाली आणलाय. खरं तर तो चांगला मोठ्यानं बोलला.

“दोनेक वर्षं. गिरणीतल्या आवाजानं. डॉक्टर, बाहेर माझी बायको आहे. तिला सांगू नका. तिला दिसत नाही.”

मी पडद्याबाहेर उभी राहिले. आत गेले नाही. मागची दोन वर्षं माझ्यापुढे उलटी फिरत होती. ओट्यापाशी मी पाठमोरी उभी राहून विचारलेलं आणि मागे करकरणारी खुर्ची. हनुवटी धरून तोंड वळवणारा हात. आवाज वाढवणं. आणि फरशीवर मी त्याच्या छातीवर कान ठेवून ओरडत होते तेव्हा माझं तोंड त्याच्या शर्टात होतं. तो डोळे उघडून माझ्या केसांकडे बघत होता आणि मी काय म्हणतेय ते त्याला कळत नव्हतं.

त्याला दोन दिवस ठेवून घेतलं. हृदयाला काही झालं नव्हतं. डाव्या हाताची बोटं भाजली होती.

तो घरी आल्यावर अवधूत आला. त्यानं पेटी खोलून बघितली. बराच वेळ नुसते स्क्रूंचे आवाज येत होते.

“ट्रान्सफॉर्मर आतून जळून कोळसा झालाय,” शेवटी तो म्हणाला. “तो आधीपासूनच बिघडत चालला होता. म्हणून जुना फ्यूज उडत होता. तारेवरचा लेप जळाला आणि करंट सगळ्या लोखंडी पेटीत उतरला. अर्थिंग नव्हतंच. त्यानं एक हात पेटीवर ठेवला आणि एक खिडकीच्या गजावर.”

“आणि तुमचा फ्यूज?”

“त्याला काही झालेलं नाही, वहिनी.” त्यानं तो फ्यूज माझ्या तळव्यावर ठेवला. “तो उडायला हवा होता. एवढंच काम असतं त्याचं. मी मोठा आणला, त्यामुळे तो शाबूत राहिला आणि बाकीचं जळलं. दुकानदार म्हणाला होता, चालतो. मी पण म्हटलं, चालतो.” मग त्यानं मुकुंदला विचारलं. “मुकुंदा, पण तुला तर कळतं हे. तू गिरणीत इलेक्ट्रिकलवाल्यांबरोबर असतोस. तू कसा घालू दिलास?”

मुकुंदनं उत्तर दिलं नाही. अवधूत पेटीवर वाकून, त्याच्याकडे पाठ करून बोलला असेल.

अवधूत गेल्यावर मी मुकुंदसमोर खुर्ची ओढून बसले. हातांनी त्याचा चेहरा शोधला, गालांवर दोन्ही तळवे ठेवले आणि माझं तोंड बरोबर त्याच्यासमोर आणलं.

“मला माहीत आहे,” मी सावकाश म्हटलं. “दवाखान्यात मी पडद्याबाहेरच होते.”

माझ्या तळव्यांखाली त्याचा जबडा आवळला गेला. नंतर तो बोलायला लागला. आधी त्याला खरंच वाटलं होतं की पेटीच बिघडली. बारीक, वरचे सूर एकेक करून गेले आणि ते गाण्यातून गेले असं त्याला वाटलं. मग गिरणीत तपासणी झाली आणि कळलं. पण कळल्यावरही तो वायरी बदलत राहिला.

“का रे?”

“दर वेळी वाटायचं, या खेपेला येईल ऐकू. तुला विचारायचो, फरक आहे का. तू नाही म्हणायचीस. तू एकदा जरी हो म्हणाली असतीस, तर मला धरून चालता आलं असतं की दोष पेटीतच होता.”

“मला सांगायचं तरी.”

“काय सांगू? तुला दिसत नाही, मला ऐकू येणार नाही.” तो मुलासारखा हुंदका दाबत होता. “आपण एकमेकांना आवाजामुळे मिळालो, शरयू. तोच गेला तर आपल्या दोघांत राहतं काय? मला त्याची इतकी भीती वाटायची की तू हाक मारलीस आणि मला कळलं नाही, तर मी मुद्दाम रागावल्यासारखा गप्प बसायचो. रागावलोय असं तुला वाटलेलं बरं.”

मला दोन वर्षं काय वाटत होतं ते मी त्याला सांगितलं. सगळं. तो माझ्या ओठांकडे बघत ऐकत होता आणि मध्येच म्हणाला, “कंटाळलो? तुला?” आणि त्याचे गाल माझ्या हातांखाली ओले झाले.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. कानातल्या यंत्रांनी काही वर्षं काम दिलं, पुढे तीही पुरेनाशी झाली. आता मुकुंदला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. तो बोलतो ते मला ऐकू येतं. मी बोलते ते त्याला दिसतं. स्वयंपाकघरात त्यानं ओट्याची जागा बदलून घेतली, आता मी काम करताना माझं तोंड खोलीकडे असतं.

परवा संध्याकाळी आम्ही हॉलमध्ये बोलत बसलो होतो. माझ्या निवृत्तीनंतरच्या कुठल्याशा प्रवासाबद्दल, तो म्हणत होता कोकणात जाऊ, मी म्हणत होते नको, फार वळणं. बोलता बोलता पंखा बंद पडला. वीज गेली. मला काय त्याचं? मी बोलतच राहिले. आणि मग लक्षात आलं, समोरून काही येत नाही.

मी हात पुढे केला. तो तिथंच होता, ताठ बसलेला. त्यानं माझी बोटं पकडली.

मी उठले. देवापुढची काडेपेटी घेतली, चाचपून मेणबत्ती उभी केली आणि पेटवली. मला त्या उजेडाचा काही उपयोग नाही, पण ज्योतीची ऊब गालाला लागते त्यावरून ती किती जवळ आहे ते समजतं. ती हनुवटीपाशी धरून मी त्याच्यासमोर बसले.

“आता?” मी विचारलं.

“आता येतंय ऐकू,” मुकुंद म्हणाला. “बोल. कोकण का नको?”